संसार, सेवा आणि लेखणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. चारचौघींपुढे बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. पण आज ज्या बाईंविषयी बोलायचे आहे, त्यांना लिहायवाचायला शिकवले ते लग्नानंतर त्यांच्या यजमानांनी. हे आठवले आणि धीर आला. त्या म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरातल्या माणसांना जीव नकोसा व्हावा. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झाले. यजमान नारायण वामन टिळक मोठे कवी, मन उदार. पण हाती आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसे. चूल कशी पेटते याची काळजी बाईंनीच वाहायची. आपल्यापैकी कितीजणींना हे निराळे सांगायला नको!

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाईंवर आकाशच कोसळले. पदरी लहान मुलगा. काही वर्षे त्या यजमानांपासून दूर राहिल्या. पुढे त्यांच्याकडे गेल्या, त्याही आपला धर्म आणि आपले सोवळेओवळे सांभाळून. एका घरात दोन धर्म नांदले. मग हळूहळू त्यांच्याच मनाने कौल दिला की माणसामाणसांत ही शिवाशीव देवाने केलेली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणी कोणता धर्म पाळावा हा आजचा विषय नव्हे. मला मोल वाटते ते याचे, की नवऱ्यावर जीव असूनही त्यांनी नुसती त्याची री ओढली नाही. स्वतःला पटल्यावरच पाऊल टाकले.

त्यानंतर मात्र त्यांनी हात आखडला नाही. घरात स्वतःच्या मुलांबरोबर परकी, पोरकी मुलेही वाढली. मंडळीच्या कामात त्या टिळकांच्या बरोबरीने राबल्या. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा बाईंनी पन्नाशी गाठली होती. त्या वयात त्यांनी मुंबईला मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम पत्करले. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य पुढे नेले.

आणि चिरंजीवांनी वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्या, तेव्हा बाई लिहू लागल्या. त्यातूनच 'स्मृतिचित्रे' झाले. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ साली नाशिकला त्यांचे देहावसान झाले. ते पुस्तक आजही वाचले जाते. त्यात अवघड शब्द नाहीत. ओट्यावर बसून बोलावे तशी भाषा आहे. स्वतःची फजितीसुद्धा त्या हसत हसत सांगतात, आणि रडायच्या जागी वाचणारीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

भगिनींनो, माझ्या सासूबाई आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सासऱ्यांच्या मागे त्यांनी घरी खाणावळ चालवली. रोज साठ भाकऱ्या थापून तीन मुले शिकवली. आळीत कोणाचे बाळंतपण असो की मयत असो, पहिली हाक त्यांनाच. त्यांना म्हटले, "आई, हे सगळे सांगा ना, मी लिहून घेते," तर म्हणाल्या, "अगं, माझ्यात सांगण्यासारखं काय आहे? भाकऱ्याच तर थापल्या!"

भाकऱ्याच तर थापल्या! पण त्या थापल्या नसत्या तर आमचे घर उभे राहिले असते का? घराच्या हिशेबात बायकांचे काम मांडलेच जात नाही. ते आपणच मांडायला हवे.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण एक वही घालू. प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध बाईजवळ दुपारची तासभर बसावे आणि तिच्या आठवणी तिच्याच शब्दांत लिहून आणाव्या. ज्या बाईला विधवा म्हणून हळदीकुंकवाला बोलावणे जात नाही, तिच्याकडे आधी जावे. शुद्धलेखनाची भीती नको. पुढल्या स्मरणिकेत त्यांतल्या चार तरी छापाव्या. पहिली मी आणीन. सासूबाईंनी कालपासून सांगायला सुरुवात केली आहे.