दुखणं कातडीचं, बोल चारित्र्याला
(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



मला विषय दिलाय ‘विषाणू आणि कातडीचा कॅन्सर’. मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकलेली, बायकांबरोबर दवाखान्यात जाऊन बसणारी कार्यकर्ती आहे. म्हणून एका बाईपासूनच सुरुवात करते.

वस्तीतल्या बचत गटातली ही बाई, पंचेचाळिशीची. योनीच्या बाहेरच्या कातडीला, तिच्या शब्दांत ‘खाली’, दोन वर्षं खाज. तीन ठिकाणी मलम मिळालं, पण कुणी तपासलं नाही, आणि तिनंही दाखवलं नाही. गाठ फुटून रक्त यायला लागलं तेव्हा मला बोलली. इस्पितळात तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला, एचपीव्ही या विषाणूशी जोडलेला. तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं भरल्या ओपीडीत विचारलं, “किती जणांशी संबंध होते?” नवरा शेजारीच उभा. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “ताई, घरी कॅन्सर म्हणा. त्या किड्याचं नाव नका घेऊ.”

नाव घ्यायचं की नाही, यावर आमच्या गटात दोन तट पडले. त्याआधी हा संबंध आहे तरी काय, ते बघू.

१९७० च्या दशकात वॉर्साच्या त्वचारोगतज्ज्ञ स्टेफानिया याब्लोन्स्का यांनी फ्रान्सच्या जेरार ऑर्थ यांच्याबरोबर एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात एचपीव्हीचा ५ नंबरचा प्रकार दाखवला. या आजारात अंगभर चामखिळींसारखे चट्टे येतात आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी पुढे कॅन्सर होतो. युआन चँग या बाई आणि त्यांचे पती पॅट्रिक मूर यांनी अमेरिकेत १९९४ मध्ये कापोसी सार्कोमाचा आणि २००८ मध्ये मर्केल पेशींच्या कॅन्सरचा विषाणू शोधला. कापोसी एड्सच्या रुग्णांत जास्त दिसतो.

पण कातडीचा प्रत्येक कॅन्सर विषाणूचा नसतो. परकराची नाडी वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी काचून होणारा ‘साडी कॅन्सर’ घ्या. तिथं कारण काचण्याचं. धोतराच्या काचण्यानं होणारा तसाच कॅन्सर मुंबईच्या डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच नोंदवला होता. नाडी जरा सैल बांधा, किंवा रुंद पट्टी लावा.

आता ‘खालच्या’ कातडीकडे. एचपीव्हीचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. हातापायाच्या चामखिळी वेगळ्या प्रकारांच्या, त्यांना घाबरू नका. योनीच्या बाहेरच्या कातडीच्या कॅन्सरमध्ये सापडतो तो मुख्यतः १६ नंबरचा. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना एचपीव्ही कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांचं शरीर तो एक-दोन वर्षांत घालवतं. थोड्याजणींत तो राहतो, आणि कॅन्सर व्हायला पुढे कैक वर्षं जातात. मग तो कधी आला, कुणाकडून आला, हे कोण सांगणार? आयुष्यात एकच पुरुष असलेल्या बाईलाही तो होतो. त्या शिकाऊ डॉक्टरच्या प्रश्नाचा उपचाराला काडीचा उपयोग नव्हता. म्हाताऱ्या बायकांत तर हा कॅन्सर बऱ्याचदा विषाणूशिवायच होतो. तिथली कातडी पांढरट, पातळ होऊन खाजत राहते, त्या जुन्या दुखण्यातून. त्याला कोड समजून सोडून देऊ नका, औषधानं ते आटोक्यात राहतं.

तर तो वाद. काहीजणी म्हणाल्या, विषाणू हा शब्दच नको, घर मोडेल. मला ते पटलं नाही. आपणच लपवलं तर दोष होता असं आपणच कबूल केल्यासारखं होतं. पण आधी बाईला एकटीला सांगायचं, वर दिलेल्या हिशोबासकट, आणि घरी काय सांगायचं ते तिनं ठरवायचं. लशीलाही हेच लागू. पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून आहे आणि ती १६ नंबरवरही चालते. आधीच झालेला संसर्ग मात्र ती बरा करत नाही. मुलींना ती मिळायला हवी, पण २००९ साली खम्मममध्ये वसतिगृहांच्या अधिकाऱ्यांच्या सह्यांवर मुलींना टोचलं होतं, तशी नको.

महिन्यातून एकदा आरसा धरून बघा. न जाणारी खाज, चट्टा, गाठ, न भरणारी जखम दिसली तर मलम घेण्याआधी “तपासा” म्हणा. हवं तर बाईडॉक्टर मागा.

त्या बाईचं ऑपरेशन झालं. परवाच्या बैठकीला ती जाऊबाईला घेऊन आली. दोघी मागं बसल्या होत्या. उठताना जाऊबाईनं हळूच विचारलं, आरसा केवढा लागतो.