खलातली तीन रूपं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू प्रयोगशाळेत नक्की करतोस तरी काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर सोपं आहे : मी घोटतो!

हिरा आणि ग्रॅफाइट ही कार्बनची अपरूपं आपण शाळेत पाठ केली. संयुगांचंही तसंच असतं. घटक तेच, प्रमाण तेच, पण स्फटिकातली मांडणी वेगळी. याला बहुरूपता म्हणतात. धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जाळीदार स्फटिकांची अशी रूपं हवी तशी मिळवणं, हे माझं काम. या जाळ्यांसाठीच किटागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक उदाहरण सांगतो. झिंक ऑक्साइड, म्हणजे मलमात असते ती पांढरी पूड, आणि इथिलइमिडाझोल डबीत घ्यायचं. त्यात चिमूटभर अमोनियम क्षार, द्रवाचे काही थेंब आणि पोलादी गोळ्या टाकून डबी यंत्रावर जोरात हलवायची. आधी मोठ्या पोकळ्यांची जाळी तयार होते. घोटत राहिलं की ती दाट होते, आणखी घोटलं की क्वार्ट्‌झसारख्या मांडणीची, सर्वांत दाट. बाहेर पडतं ते फक्त पाणी. बादलीभर द्रावक लागत नाही.

पदार्थ एकदम सर्वांत स्थिर रूपात जात नाही, पायरीपायरीने जातो, असं ऑस्टवाल्डने १८९७ मध्येच मांडलं होतं. वायू साठवायला पोकळ्या हव्यात, म्हणजे आपल्याला मधल्याच पायरीवर थांबायचं असतं. किती घोटायचं आणि कधी थांबायचं, यातच सगळं कसब आहे.

आपल्याकडे हे नवं नाही. वैद्य पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करतात. तीच तापवून लाल रससिंदूर होतो. दोन्ही मर्क्युरी सल्फाइडच, रूपं दोन.

आता एक विनंती. आपल्या वेळी सर प्रयोग करायचे आणि आपण टाचा उंचावून मागून बघायचो. मेळाव्याच्या निधीतून काही उरलं, तर ते प्रयोगशाळेला द्यावं. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःची परीक्षानळी असावी. माझा वाटा मी आजच देतो.