तबकडीतील रुक्मिणी



आज मी आपल्यापुढे एका जुन्या तबकडीविषयी बोलणार आहे. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'संगीत स्वयंवर'मधील 'नाथ हा माझा' हे यमन रागातील पद. चाल भास्करबुवा बखले यांची, स्वर बालगंधर्वांचा. सुलतान बाजारातील आमच्या घरी माझी आजी ती तबकडी लावीत असे. 'ही बाई कोण गाते?' असे मी बालपणी विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, 'अरे, ते नारायणराव!'

रंगभूमीवर शालू होता, दागिने होते, लाजणे होते. तबकडीत यांपैकी काहीच नाही. तरीही रुक्मिणी उभी राहते, ती कशाने?

येथे युरोपकडे पाहणे उद्बोधक ठरेल. अठराव्या शतकात पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगभूमीवर मज्जाव होता. बालपणीच खच्ची केलेल्या पुरुषांचे उंच स्वर तेथील संगीतिकांतून गाजले. १७२४ साली लंडनमध्ये हॅन्डेलच्या संगीतिकेत ज्यूलियस सीझरची भूमिका सेनेसिनो या अशाच गायकाने केली. म्हणजे पराक्रमी नायकाचा स्वर उंच! ती क्रूर प्रथा पुढे लोपली. आज काउंटरटेनर गायक निसर्गदत्त देहाने, परंतु कमावलेल्या खोट्या आवाजात ती पदे गातात. त्यांची ध्वनिमुद्रणेही आवडीने ऐकली जातात.

बालगंधर्वांनी खोट्या आवाजाचा आश्रय घेतला नाही. गळा त्यांचा स्वतःचाच होता. शब्द हळुवार उच्चारणे, स्वर अलगद लावणे, तान भावाच्या पुढे धावू न देणे, यांतून त्यांची रुक्मिणी साकारली. तेथे नायक उंच स्वरात गातो, येथे नायिका पुरुषाच्या स्वरात. तेव्हा स्वराचे स्त्रीत्व वा पुरुषत्व पुष्कळसे ऐकणाऱ्याच्या संस्कारात असते, असे मला वाटते.

परंतु एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. या दोन्ही सौंदर्यांच्या मुळाशी एक रिकामी जागा आहे, आणि ती जागा स्त्रीची आहे. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवू नये, या दंडकामुळे रुक्मिणी नारायणरावांकडे आली. हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर आल्या, १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आल्या, तेव्हा ती जागा भरू लागली.

माझ्या आजीला ते पद हरकती-मुरक्यांसह येत असे. स्वयंपाकघरात ती गुणगुणे. परंतु अंगणात पुरुषमाणसाची चाहूल लागली की थांबे. स्त्रीच्या मनाचे गाणे पुरुषाने भरसभेत गावे आणि स्त्रीने चुलीपुढेही अर्धवट सोडावे, हा विरोध ध्यानी यावयास मला फार वर्षे लागली. तोवर आजी राहिली नव्हती.

बालगंधर्वांविषयीचा माझा आदर त्यामुळे उणावला नाही. मात्र आता ती तबकडी ऐकताना मला दोन आवाज ऐकू येतात: एक मुद्रित झालेला, दुसरा मुद्रित न झालेला. विद्यार्थिमित्रांनो, पहिला जरूर जपा. परंतु आपापल्या घरातील दुसरा आवाज आज, वेळ आहे तोवर, ऐकून घ्या.