आधी उजेड, मग रंग
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा मंचांवर स्वराज्यापासून अर्थसंकल्पापर्यंत भारदस्त विषय होऊन गेले. आज मी तुमच्यापुढे पडदे, फळ्या आणि ट्यूबलाइट घेऊन उभी आहे. पत्रिकेत 'कमी खर्चात फ्लॅटची सजावट' असं छापलंय, तर सजावटीकडे मी येणार आहे, पण शेवटी. ठाणे-डोंबिवलीकडची वन बीएचके आणि टू बीएचके घरं मापण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून माझी एक तक्रार पक्की झाली आहे, ती आधी सांगते. आपल्याकडे घरावरचा पहिला पैसा पाहुण्यासाठी खर्च होतो. घरात राहणाऱ्यांचा नंबर नंतर लागतो, कधीकधी लागतच नाही.

हॉलमध्ये फॉल्स सीलिंग असतं, त्यात निळे-जांभळे दिवे असतात, टीव्हीमागे संगमरवरासारखं दिसणारं पॅनल असतं. आणि स्वयंपाकघरात काय असतं? ओट्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीमागे एक ट्यूब. म्हणजे तिची सावली बरोबर विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर. रोज तीन-चार तास ती स्वतःच्या सावलीत भाजी चिरते, आणि जो पाहुणा दिवाळीला अर्धा तास येतो त्याच्या डोक्यावर बारा दिवे! उपाय काही शे रुपयांचा आहे. ओट्यावरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेला, दोन फुटांची एलईडी पट्टी बसवा. कपाट नसेल तर फळीच्या खाली बसवा. तुमच्या घरात या वर्षी एकच सुधारणा होणार असेल, तर ती ही व्हावी.

दिव्यांचं बोलतेच आहे तर रंगाचंही सांगते. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपण सगळ्या घराला ६५०० लावून टाकतो आणि मग बसायची खोली बँकेच्या शाखेसारखी का दिसते, म्हणून भिंतींचा रंग बदलायला निघतो. पिवळा उजेड म्हणजे मंद उजेड असा आपला समज आहे. तो जुन्या बल्बच्या आणि कमी व्होल्टेजच्या दिवसांतला. उजेड किती, हे ल्युमेनवरून कळतं. केल्विनशी त्याचा संबंध नाही. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा ठेवा. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत छतावरचा एकच झगझगीत दिवा बंद करून कोपऱ्यात दोन लहान उबदार दिवे लावून बघा. नऊ वॉटच्या दोन एलईडी बल्बना मिळून जुन्या साठच्या एका बल्बच्या निम्मीही वीज लागत नाही.

आता उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्यात मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एका दुपारी सावली नाहीशीच होते. म्हणून या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन फारसं येत नाही. घर तापवतात ती गच्ची आणि पश्चिमेची बाजू. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत पेडर रोडजवळ बांधलेली २८ मजल्यांची कांचनजंगा इमारत १९८३ साली पूर्ण झाली. तिथे त्यांच्यापुढे हाच पेच होता. समुद्र, देखावा आणि वारा सगळं पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन व पावसाचा मारा तोही तिकडूनच. त्यांनी काय केलं, तर आपल्या जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून उंच इमारतीत नेला, दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या करून. इमारत श्रीमंतांची, पण युक्ती आपल्या आजोळच्या पडवीची. आणि आपण? पझेशन मिळाल्याच्या दुसऱ्या महिन्यात बाल्कनीला काच लावून ती हॉलमध्ये घेतो. खोली चार फुटांनी वाढते खरी. पण भिंतीला सावली देणारा भाग गेला, ऊन थेट आत आलं, की मग एसी. मंजूर नकाशाचा आणि सोसायटीचा प्रश्न वेगळाच.

बाल्कनी घेऊन झाली असेल तर निदान ऊन बाहेर अडवा. काचेतून आत आलेलं ऊन जाड पडद्याने थांबत नाही. उष्णता तोवर घरात शिरलेली असते. बांबूची चिक खिडकीच्या बाहेरच्या बाजूला टांगा, पावसाळ्यात गुंडाळून ठेवा. वाळ्याचे पडदे छान, पण नागपूर-अकोल्याकडे. तिथली हवा कोरडी, पाणी झरझर उडतं आणि गारवा देतं. मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, नुसता वास येतो आणि खोली जास्त चिकट होते. कूलरचंही तसंच. गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सोसायटीच्या सभेत गच्चीला पांढऱ्या लेपाचा विषय जरूर मांडावा. चुन्याचा हात दिला तरी खालच्या खोलीत फरक जाणवतो.

फुकटातलं एक काम सांगते. खिडकीची डासांची जाळी काढून धुवा. सरकत्या खिडकीची अर्धीच बाजू मुळात उघडते, त्यात जाळीला धुळीचा थर, मग वारा येणार कुठून? आणि पंखा बदलायची वेळ आली असेल तर बीएलडीसी पंखा घ्या. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास फिरला तर महिन्याला एका पंख्यामागे २० युनिट वाचतात. थोडा महाग असतो, पण वसूल होतो.

रंगाकडे वळण्याआधी ओलीकडे वळावं लागेल. गणपती येणार म्हणून श्रावणात रंग काढायची आपली पद्धत आहे, आणि ती मला अजिबात पटत नाही. भिंतीने दोन महिने पाणी प्यायलेलं असतं. तिच्यावर पुट्टी आणि रंग चढवला की पाणी आत कोंडतं; पुढच्या वर्षी पोपडे निघतात आणि दोष रंगाऱ्याला. रंग आता, एप्रिल-मेमध्ये काढा, नाहीतर दिवाळी उलटून भिंत वाळल्यावर. त्याआधी ओल कुठून येते ते शोधा. बाहेरच्या गिलाव्याला गेलेली भेग, खिडकीच्या उंबरठ्याचा उलटा उतार, न्हाणीघराच्या लाद्यांमधल्या रिकाम्या फटी, हे नेहमीचे संशयित. भिंतीला लोणा धरला असेल तर वॉलपेपर लावून तो झाकू नका. आत तो वाढतच राहतो. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर मध्ये दोन-तीन इंच हवा ठेवा, कपड्यांना बुरशीचा वास येणार नाही.

जागेचा हिशेब मात्र मला सावकाश करू द्या, कारण खरा पैसा तिथे आहे. तीन माणसांचा सोफा ७ बाय ३, म्हणजे २१ चौरस फूट. तुमच्या भागातला दर फुटाला १५ हजार धरला, तर सोफ्याखालची जमीन तीन लाखांहून जास्त किमतीची झाली. सोफा ४० हजारांचा, पण त्याला बसायला जागा तीन लाखांची. मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या होत्या. त्यात सात-आठ माणसं राहिली, शिकली, लग्नं झाली. मला त्या गैरसोयीचं गुणगान करायचं नाही. पुनर्विकासात त्या कुटुंबांना ५०० फुटांचं घर मिळतंय, ते मिळायलाच हवं होतं. पण त्या खोलीला एक अक्कल होती. दिवसा गुंडाळली जाणारी गादी, कॉटखालची ट्रंक, दारावरची फळी. जमीन मोकळी आणि सामान भिंतीवर. आपण नव्या घरात नेमकं उलटं करतो.

तर सोफ्याऐवजी एक दिवाण, त्यावर सोलापुरी चादर आणि दोन लोड. दुपारी आजोबा तिथेच आडवे होतील, रात्री पाहुणा झोपेल. जेवायचं टेबल भिंतीला बिजागरीने लावलेलं, मिटणारं. आणि फळ्या. ८ बाय ४ चा प्लाय घ्या, मिस्त्रीकडून ९ इंच रुंदीच्या पट्ट्या कापून घ्या. एका प्लायमधून आठ फुटी पाच पट्ट्या निघतात, म्हणजे ४० फूट लांबीची फळी. दाराच्या चौकटीच्या उंचीवरून ती खोलीभर फिरवली तर घरातली झाडून सगळी पुस्तकं वर जातात आणि दोन कपाटं कमी होतात. प्लाय १८ मिलिमीटरचा असावा आणि दर अडीच फुटांवर ब्रॅकेट असावा, नाहीतर पुस्तकांच्या वजनाने फळी वाकते. भोकं पाडताना कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही.

स्वयंपाकघरात ओट्याखाली जुने कडप्प्याचे कप्पे असतील, तर कृपा करून ते फोडू नका. कडप्पा पाण्याने फुगत नाही, वाळवी त्याला खात नाही. लोक तो फोडून ट्रॉल्या बसवतात, आणि सिंकखाली गळती झाली की तीन वर्षांत प्लायचा भुगा. लाकडीच हवं असेल तर तिथे आयएस ७१० शिक्क्याचा प्लाय घ्या. बाकीच्या कोरड्या खोल्यांना आयएस ३०३ पुरतो.

फॉल्स सीलिंगबद्दल एवढंच, की छत नऊ फुटांवर असेल तर त्यातले सहा-आठ इंच द्यायची चैन परवडत नाही. बर्मिंगहॅमला जन्मून केरळात आयुष्याचा मोठा भाग घालवलेले वास्तुविशारद लॉरी बेकर विटेच्या नीट बांधलेल्या भिंतीला गिलावासुद्धा अनावश्यक मानत. आपण तर छताखाली दुसरं छत लावतो.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या तरुण मंडळींनी घरमालकाच्या भिंतीवर खर्च करूच नये. दिवे, पडदे, सतरंजी, घडीचं टेबल, जे टेम्पोत चढेल तेच घ्यावं. फर्निचर नवंच हवं असंही नाही. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आणि पुण्यातला जुना बाजार पालथा घाला; जुन्या सागवानी खुर्चीला पॉलिश केलं की ती नव्या प्लायच्या खुर्चीला म्हातारपणीही हरवते.

आता सजावट. सगळं घर रंगवू नका, एक भिंत रंगवा. १२ बाय ९ ची भिंत म्हणजे १०८ फूट. दोन हातांना लिटरमागे साठ-सत्तर फूट धरा, दोन लिटरमध्ये काम होतं. रविवारी घरच्याघरी. छत मात्र पांढरंच. पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीवर न लावता सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना फूटभर पुढे न्या. पडदा सरकवला की तो भिंतीवर येतो आणि अख्खी खिडकी मोकळी होते. चित्रं आणि फोटो आपण फार उंच लावतो, कारण मागच्या मालकाचा खिळा तिथे असतो. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर हवा. आरसा लावल्याने खोली मोठी दिसते म्हणतात, पण समोर शेजाऱ्यांचा ड्रेनेजचा पाइप असेल तर तोही दोनदा दिसतो, हे बघून लावा.

आणि भिंतीवर काय? आजीची गोधडी, लुगड्यांच्या तुकड्यांची, फ्रेम करून किंवा नुसती दांडीवर टांगून. खणाचा तुकडा. वारली चित्र हवं असेल तर छापील कॅनव्हास घेऊ नका. प्रदर्शनांत वारली कलाकार स्वतः कागदावरची, कापडावरची लहान चित्रं विकायला बसतात. जिव्या सोमा म्हशांनी ही कला कागद-कापडावर आणून जगभर नेली, ती त्यांच्या वारशातल्या हातांकडूनच घ्यावी.

झाडं लावा, पण ती हवा शुद्ध करतील या भरवशावर नको. नासाच्या १९८९ च्या ज्या अभ्यासाचा दाखला नर्सरीवाले देतात, तो बंद पेटीतला होता. वाऱ्यापुढे दोन कुंड्यांचं काही चालत नाही. झाडं डोळ्यांसाठी आणि गवती चहासाठी लावा. बाल्कनीत वजन सांभाळा, ओली माती घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरते. कोकोपीट मिसळा.

शेवटी एक विनंती. घरी गेल्यावर लगेच दुकानात जाऊ नका. येत्या रविवारी दुपारी चार वाजता घरातले सगळे दिवे बंद करा आणि प्रत्येक खोलीत दहा-दहा मिनिटं बसा. कुठे अंधार आहे, कुठे भिंत हाताला गरम लागते, कुठे कोंदट वास येतो, हे कागदावर लिहा. मग घरात जो सर्वांत जास्त वेळ काम करतो त्याला विचारा, की यातलं आधी काय करू. त्याच्या उत्तरापासून खर्चाला सुरुवात करा. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या असतील तर त्या आता इकडे पाठवाव्यात.