मंडळाच्या कॅमेऱ्याचे कार्ड
(उत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. भाषणाची सवय नाही. पण मंडळाच्या कॅमेऱ्यासाठी नवे कार्ड घ्यायचे ठरले आणि सेक्रेटरी म्हणाले, "गेल्या वर्षी चूक तुमची, तेव्हा बोलाही तुम्हीच." ते खरेच आहे.

गेल्या वर्षीचे १२८ जीबीचे कार्ड मी रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून निम्म्या किमतीत आणले होते. बिल नव्हते. विसर्जनानंतर ते संगणकाला लावले, तर फोटोंची नावे सगळी दिसत होती. उघडत मात्र पहिले आठशेच्या आसपास. न उघडणाऱ्यांत शेवटच्या दिवशीच्या आरतीचे फोटो होते. तबक माझ्या बाबांच्या हातात होते. माघात बाबा गेले.

झाले काय होते? कार्डात खरी जागा होती ८ जीबीच. आतल्या कंट्रोलरला मात्र १२८ सांगायला शिकवलेले. एक फोटो १० एमबीचा धरला तर ८ जीबीत आठशे मावतात. पुढचे एकतर हवेत जातात, नाहीतर आधीच्या फोटोंवर लिहिले जातात. फोटो काढल्याबरोबर पडद्यावर दिसतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतून दिसतो. कार्डावर उतरला असे त्यावरून ठरत नाही. चुकून पुसलेले फोटो बहुधा परत काढता येतात, मात्र लगेच फोटो काढणे थांबवून कार्ड बाजूला ठेवले पाहिजे. आमचे तर लिहिलेच गेले नव्हते. परत काय आणणार?

वर्कशॉपमध्ये क्रेनवर रंगवलेला आकडा वाचून आम्ही बोजा उचलत नाही, आधी वजन टांगून पाहतो. कार्डाचेही तसेच. 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो रिकामे कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेले सगळे परत वाचून पडताळतो. मोठ्या कार्डाला तासच्या तास लागतात. लागू द्या.

आता कोणते घ्यायचे? आधी कॅमेऱ्याचे पुस्तक पाहा. साधे एसडी २ जीबीपर्यंत, २००६ साली आलेले एसडीएचसी ३२ पर्यंत आणि २००९ चे एसडीएक्ससी त्यापुढचे. आकार तिन्हींचा एकच, पण जुना कॅमेरा नवे कार्ड ओळखेलच असे नाही. आपला एसडीएचसीपर्यंतच घेतो, म्हणजे १२८ चे कार्ड घेणेच चुकले होते असे तुम्ही म्हणाल. पण ते स्टॉलवाल्याने ३२ चे म्हणून फॉरमॅट करून दिले होते, आणि मी त्यालाही मान डोलावली!

वेगाचा जो मोठा आकडा छापतात तो बहुधा वाचण्याचा असतो. आपल्याला हवा लिहिण्याचा. वर्तुळातल्या १० चा अर्थ सेकंदाला किमान १० एमबी, व्ही३० चा ३०. फोटोंना पहिला पुरतो. व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, त्याला आठाने भागा. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा एमबी. तिथे व्ही३० घ्यावे.

माझे मत असे, की एका मोठ्या कार्डाऐवजी ३२ ची दोन घ्यावीत, दुकानातून, बिलासह. एक बिघडले तर अर्धा उत्सव तरी हाती राहतो. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावे, आणि रोज रात्री फोटो संगणकावर उतरवल्याशिवाय तर मुळीच करू नये. दसऱ्याला हाच कॅमेरा घेऊन मुले जंबू सवारीला जातात. हत्ती बन्नीमंटपकडे निघून गेला की फोटोसाठी मागे फिरत नाही.

दोन्ही कार्डे मी स्वतः तपासून देईन. आणि एक विनंती. अग्रहारातल्या त्या शेवटच्या आरतीला पुष्कळांचे मोबाईल वर होते. कोणाकडे बाबांचा एखादा फोटो असेल, हललेला, अर्धवट, कसाही, तर मला द्यावा. आईने दोनदा विचारले आहे.