भीतीला नाव देताना
(बालकांच्या मानसिक आरोग्याविषयीच्या व्याख्यानाचा गोषवारा)



शाळेची वेळ होताच सहा-सात वर्षांच्या मुलाचे पोट दुखते; सुटीच्या दिवशी दुखत नाही. तपासणीत काहीच आढळत नाही, म्हणून आपण त्यास ढोंग म्हणतो. वस्तुतः ती वेदना खरीच असते. भीतीला शब्द सापडले नाहीत, की ती शरीरावाटे बोलते.

तिला शब्द देण्याचे एक साधन म्हणजे गोष्ट. ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन यांनी १९९० साली ग्रंथरूपाने मांडलेल्या कथनोपचारात समस्या मुलापासून वेगळी काढली जाते. ‘तू भित्रा आहेस’ असे न म्हणता, ‘ही भीती केव्हा येते? दिसते कशी? तू तिला कधी हुलकावणी दिलीस?’ असे विचारले जाते. मूल तिला नाव देते, तिचे चित्र काढते आणि हळूहळू आपल्या गोष्टीचा नायक बनते.

आपल्या म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत जंगल नाहीसे होत नाही. म्हातारी ते युक्तीने पार करते. मुलाला हाच विश्वास हवा असतो. मात्र नुसत्या गोष्टीने भागत नाही. आज फाटकापर्यंत, उद्या वर्गापर्यंत, अशी लहान पावले प्रत्यक्षातही टाकावी लागतात. शाळा वारंवार चुकू दिल्यास भीती बळावते. त्रास काही आठवडे टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

या उपचारास यंत्रे लागत नाहीत. निवांत खोली आणि प्रशिक्षित व्यक्तीचा वेळ लागतो. देणगी देताना त्याचेही स्मरण असावे, ही नम्र विनंती.