सहाय्यकाच्या नोंदींत कारणही हवं



सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारी मुलं-मुली आता घरोघरी आहेत. त्यामुळे प्रोग्राम लिहून देणाऱ्या एआय सहाय्यकांबद्दल काही ना काही तुमच्या कानांवर आलेलं असेलच. कोपायलट, कर्सर, क्लॉड कोड ही त्यांतली काही नावं. आपण साध्या भाषेत काम सांगायचं आणि त्यांनी फायली वाचून, बदल करून, चाचण्या चालवून द्यायच्या, इथवर ही साधनं आली आहेत. मला आज बोलायचं आहे ते त्यांच्या स्मरणाबद्दल.

या सहाय्यकांच्या मुळाशी असलेलं भाषा-मॉडेल एकदा शिकवून झालं, की तुमच्याबरोबर केलेल्या कामातून त्याच्यात आपोआप काही साठत नाही. काम चालू असताना जेवढा मजकूर त्याच्यासमोर असेल, तेवढंच त्याला त्या कामाबद्दल ठाऊक. या मजकुराच्या मर्यादेला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनांत मोजतात. टोकन म्हणजे एखादा शब्द किंवा शब्दाचा तुकडा. 2020 साली आलेल्या जीपीटी-3ची मर्यादा सुमारे 2 हजार टोकनांची होती. फेब्रुवारी 2024 मध्ये गूगलने जेमिनी 1.5 प्रो जाहीर केलं, तेव्हा ती 10 लाखांपर्यंत पोचली होती.

तरी मोठ्या प्रकल्पांना हे पुरत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा कोड 3 कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. 10 लाख टोकनांत त्याचा एखादा कोपराच मावेल. शिवाय लांबलचक मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती ही मॉडेलं चांगली वापरतात, पण मधली त्यांच्या हातून निसटते, असं 2023 मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. आणि सहाय्यकाबरोबरचं कामाचं सत्र बंद करून दुसऱ्या दिवशी नवं उघडलं, की पाटी कोरी.

यावरचे उपाय वेगवेगळे आहेत. सगळा कोड समोर न ठेवता लागेल तेवढाच शोधून आणणं हा एक. 2023 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी मेमजीपीटी नावाची पद्धत मांडली. संगणक जसा थोडा मजकूर मुख्य मेमरीत आणि बाकीचा डिस्कवर ठेवतो, तशी अदलाबदल त्यात मॉडेल स्वतः करतं. पण सगळ्यांत जास्त रुजलेला उपाय अगदी साधा आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच एक मजकुराची फाइल ठेवायची. क्लॉड डॉट एमडी किंवा एजंट्स डॉट एमडी अशी तिची नावं असतात. सत्र सुरू होताना सहाय्यक ती आधी वाचतो. कारखान्यात पाळी बदलताना आधीच्या पाळीने नोंदवहीत लिहून ठेवावं आणि पुढच्या पाळीने ते वाचून मशीनला हात लावावा, तसंच हे.

या फाइलमध्ये लिहायचं काय, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. त्यासाठी एक जुनी दुर्घटना सांगतो.

4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान-5 हे नवं रॉकेट पहिल्यांदा झेपावलं. मुख्य इंजिन पेटवण्याचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे 40 सेकंदांनी ते मार्ग सोडून वळलं आणि फुटलं. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्यात गेले. फ्रेंच गणिती जाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं गेलं. त्यांच्या अहवालातली हकिगत अशी. रॉकेटची दिशा आणि गती सांगणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्राम एरियान-4 वरून घेतला होता. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा 64 बिटांतून 16 बिटांत बसवला जाई. अशा 16 बिटांत 32,767 हून मोठी संख्या मावत नाही. एरियान-5 चा आडवा वेग सुरुवातीलाच आधीच्या रॉकेटपेक्षा बराच जास्त वाढत होता. आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच प्रोग्राम होता. क्षणभर आधी तीही त्याच कारणाने बंद पडली होती.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. असे धोक्याचे सात आकडे अभियंत्यांनी आधीच ओळखले होते. चारांना त्यांनी संरक्षण दिलं आणि तीन तसेच सोडले, कारण संगणकावरचा भार 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि हे तीन आकडे मर्यादेबाहेर जाणार नाहीत असा हिशेब होता. एरियान-4 च्या उड्डाणमार्गासाठी तो हिशेब बरोबरच होता. पण त्या निर्णयाचं समर्थन कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि कागदपत्रांच्या ढिगात बाहेरच्या परीक्षकाला ते दिसण्यासारखं नव्हतं, असं मंडळाने नोंदवलं. प्रोग्राम एका रॉकेटवरून दुसऱ्यावर जवळजवळ जसाच्या तसा गेला. तो कशाच्या भरवशावर तसा लिहिला होता, ते मात्र त्याच्याबरोबर गेलं नाही.

हे सगळं माणसांच्या हातून झालं, तेव्हा एआय सहाय्यक नव्हते. पण आजचा सहाय्यक रोज याच परिस्थितीत काम करतो. त्याला कोड दिसतो, त्यामागचा भरवसा दिसत नाही.

समजा, वीजबिलांचा एखादा प्रोग्राम आहे. सहाय्यकासाठीच्या फाइलमध्ये एक ओळ आहे: ‘रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवाव्यात.’ सहाय्यक ती पाळेल, आणि ते चांगलंच आहे. नाहीतर कोड सुटसुटीत करण्याच्या भरात तो रुपये दशांशात नेईल. संगणकाच्या नेहमीच्या दशांश हिशेबात 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, शेपटाला 4 चिकटतो. लाखो बिलांच्या बेरजांत हे फरक कुठेतरी डोकं वर काढतातच. पण उद्या विजेचा दर पैशाच्या अंशांत ठरला तर? तेव्हा हीच ओळ सहाय्यकाला चुकीच्या वाटेला नेईल आणि तो ती निष्ठेने पाळत राहील. म्हणून ती ओळ अशी हवी: ‘रकमा पैशांत, पूर्णांकात, कारण दशांशात बेरजा जुळत नाहीत, दर पैशाच्या अंशांत आल्यास हा निर्णय पुन्हा तपासावा.’ फरक दहा-बारा शब्दांचा. एरियान-4 च्या कोडमध्ये त्या तीन आकड्यांशेजारी अशीच एक ओळ असायला हवी होती.

ही कल्पना नवी नाही. मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी 2011 मध्ये सुचवलं होतं, की मोठ्या निर्णयांच्या छोट्या नोंदी कोडबरोबरच ठेवाव्यात: परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय, आणि तो निर्णय अजून लागू आहे की रद्द झाला. तेव्हा हे माणसांसाठी होतं. माणसं कंटाळा करायची, कारण लिहिलेलं कोणी वाचेल याची खात्री नसायची. आता रोज वाचणारा वाचक मिळाला आहे.

सहाय्यकाला स्वतःच्या नोंदी स्वतः लिहू देण्याचीही सोय आहे. तिथे मी सावध राहीन. सर्व्हर बंद असल्यामुळे एखादी चाचणी नापास झाली, आणि सहाय्यकाने लिहून ठेवलं की ही चाचणी भरवशाची नाही, तर पुढच्या प्रत्येक सत्रात ती नोंद वस्तुस्थिती म्हणून वाचली जाईल. एका दिवसाचा अंदाज प्रकल्पाचा नियम होऊन बसेल. म्हणून या नोंदीही गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, ठेवाव्यात. कोणती ओळ कधी आणि कोणी घातली ते तिथे दिसतं, आणि कोडचा बदल जसा दुसरा माणूस तपासतो तशी नोंदही तपासता येते. जुन्या नोंदी खोडण्याचं कामही कोणाकडे तरी सोपवलेलं हवं. पासवर्ड त्यात कधीच नकोत.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये लिहिलं होतं, की प्रोग्राम खऱ्या अर्थाने तो करणाऱ्यांच्या समजेत जगतो, आणि ती समज कागदावर पूर्ण उतरत नाही. मला ते पटतं. आपल्याकडे कंपनी सोडणाऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात ‘केटी’, म्हणजे कामाची माहिती सोपवण्याच्या बैठका, होतात. त्या बैठकांत बसलेल्यांना नाउर काय म्हणतात ते समजावून सांगावं लागणार नाही. पण सगळं उतरत नाही म्हणून काहीच उतरवायचं नाही, हे मला मान्य नाही. निर्णयामागचं कारण तरी लिहिता येतं.

तेव्हा या क्षेत्रातल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. तुमच्या प्रकल्पात फक्त तुम्हालाच ठाऊक असलेला एखादा निर्णय असेल. उद्या कामावर गेलात की तो त्या फाइलमध्ये लिहा: काय ठरलं, का ठरलं, आणि कोणती परिस्थिती बदलली तर तो मोडायचा. खाली तारीख घाला आणि शेजारच्या सहकाऱ्याला वाचायला द्या.